धाकटीसाठी जिल्ह्याचं मूल्यांकन

६ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पहिलंच वाक्य, "फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो." खरंच आहे, त्यामुळे राग आला नाही. दुसरं वाक्य, "गिऱ्हाइकाला लिहितेस तसं लिही. घरं, कामधंदा, राहणं. बाकी काही लिहू नकोस." याचा आला. पण तो माझा मी गिळला.

तर तुझ्या बदलीसाठी तीन जिल्हे समोर ठेवलेत, त्यातला एक माझा. पसंती मार्चअखेरपर्यंत कळवायची. आणि घरकर्जाच्या कचेरीत बसून लोकांच्या घरांची किंमत ठरवणारी बहीण तुला फुकटात मिळालेली आहे, तर तिच्याकडून पाहणी करून घ्यावी. एवढंच ना? घे तर.

जिल्हा मध्यम आहे. म्हणजे नकाशावर शोधला तर सापडतो, पण आपणहून कुणी शोधत नाही. मोठ्या शहरापासून इतका लांब की रोज ये-जा जमत नाही, आणि इतका जवळ की तरुण पोरं तिकडे पळून जातात. इथला सर्वांत मोठा पोशिंदा म्हणजे काचेच्या बाटल्यांचा कारखाना. पूर्वी तो दिवसरात्र चालायचा, आता एक पाळी बंद आहे. त्या पाळीबरोबर बसस्टँडसमोरच्या दोन खानावळी आणि एक केशकर्तनालय गेलं. कारखान्याच्या आकड्यांपेक्षा मी त्या न्हाव्यावर जास्त विश्वास ठेवते. तो दुकान बंद करून भावाकडे गेला, तेव्हाच मी त्या भागातल्या घरांचे भाव खाली आणले होते.

त्याच्या बदल्यात महामार्गाला गोदामं आलीत. माल चढवण्या-उतरवण्याचं काम भरपूर, पण ते पाठ शाबूत असेपर्यंतचं. सरकारी नोकर, शिक्षक आणि दवाखान्यातली माणसं यांच्यावर बाजार टिकून आहे. तू रक्त तपासणारी, म्हणजे तुझा पगार पहिल्या तारखेला होणार. भाड्याचं घर देणारे तुझ्यासारखीला बघून खुर्ची पुसून देतील.

उणिवा: उन्हाळ्यात पाणी दिवसाआड. वारा कारखान्याकडून आला की वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी थर. चांगला हाडांचा डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो. करमणूक म्हणाल तर एक सिनेमागृह, आणि तिथल्या खुर्च्या खिशापेक्षा पाठीलाच जास्त महाग पडतात.

माझं मत: बरा आहे. घाई करावी असा नाही.

तुझी ताई


२० जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर आलं. तू लिहितेस, "घर तळमजल्याचंच हवं. टिटवी दोन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत असते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच."

मला कुणीही सांगितलं नव्हतं.

तू बजावलं आहेस की बाकी काही लिहायचं नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येणार नाही. पत्र वाचताना चहा गॅसवर होता. मी पत्र घेऊन खिडकीशी गेले आणि चहा उतू जाऊन बर्नर विझला, तरी मला वास आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तुझी लेक टिटवी म्हणजे अजून आपल्या जुन्या घराच्या गॅलरीत धावणारी, एवढ्याशा अंगातून एवढा मोठा आवाज काढणारी पोर आहे. तिचं ते नाव मीच ठेवलं होतं. काय झालं, कसं झालं, मी विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मला फार वाईट वाटलं, एवढं तरी लिहू दे.

आता घरं.

माझी पद्धत तुला माहीत नाही. मी घरात शिरले की आधी नळ सोडते, मग बाकीचं बघते. पाणी कुठल्या आवाजात येतं त्यावरून अर्धं घर कळतं. मग कपाटामागच्या भिंतीला तळहात लावते. मालक समोरची भिंत रंगवतो, कपाटामागची कुणी रंगवत नाही. शेवटी शाळा सुटायच्या वेळेला गल्लीत उभी राहते. पोरं रस्त्याच्या मधोमध चालत असतील तर गल्ली चांगली, भिंतीला चिकटून चालत असतील तर वाहनं माजलेली.

कारखान्याची जुनी घरं: भिंती जाड, भाडं कमी, पण मोरी अरुंद, खुर्ची वळणार नाही. बाद. महामार्गालगतच्या नव्या इमारती: बाहेरून बघशील तर डोळे दिपतील. "शेवटचे काही फ्लॅट शिल्लक" असा फलक मी तिथे किती वर्षं बघतेय. संध्याकाळी खिडक्या मोज, दिवे लागतात त्या तुरळक. बाकीचे घेऊन ठेवलेत, राहायला कुणी नाही. लिफ्ट आहे, पण ती लहरीवर चालते. पोस्टामागची बैठी घरं: जुनी, दमट, पण गल्ली सपाट आणि पोरं रस्त्याच्या मधोमध. तिथे एक घर रिकामं होणार आहे. मालकीण कडक आहे, नळ मात्र चांगला आहे.

आईच्या घराबद्दल लिहायचं नाही असं तू ठरवून ठेवलंयस, म्हणून लिहीत नाही. फक्त इतकंच, की तिसरा मजला आणि लिफ्ट नसलेलं घर मी अजूनही कुणालाच सुचवत नाही.

एकूण मत: घरं मिळतील, पण मनासारखं मिळेल याची खात्री नाही. अपेक्षा बेताची ठेवावी.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

हे पत्र जरा लांबेल. घडलंच तसं.

मी विचार केला, खुर्ची जाईल की नाही हे मी उभ्या उभ्या कसं सांगणार? म्हणून औषधांच्या दुकानातून एक चाकांची खुर्ची भाड्याने आणली, रजा टाकली, त्यात बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, ढकल. आमच्या कचेरीच्या ड्रायव्हरला सगळे सरदार म्हणतात, मिशांमुळे. निवृत्तीला आलाय. तो म्हणाला, "मॅडम, बघणारे काय म्हणतील?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते म्हणू देत. तू खड्डे बघ."

पहिल्या चौकातच औषधवाल्याने बघितलं आणि दुकान सोडून बाहेर आला. "अहो, काय झालं?" आता त्याला काय सांगणार, की मी जिल्हा तपासतेय? मी म्हटलं, "पाय मुरगळलाय." झालं! दुपारपर्यंत माझा पाय मुरगळलेला होता, संध्याकाळपर्यंत मोडलेला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भागात गेले, तर एका निवृत्त मास्तरांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "ऑपरेशन यशस्वी झालं ना?"

मग मला उठता येईना. म्हणजे येत होतं, पण लाजेने उठता येईना. शेजारची शिवणकाम करणारी बाई रोज डबा पाठवायला लागली. सुताराने कचेरीच्या उंबऱ्याला फळी ठोकून दिली, सांगितलं नव्हतं तरी. पैसे विचारले तर म्हणाला, "माझ्या घराचं कर्ज तुम्ही पास केलंत तेव्हा मी काय दिलं होतं?" मी त्याचं कर्ज पास केलं नव्हतं. त्याच्या घराची किंमत मी त्याला हवी होती त्यापेक्षा कमीच धरली होती. पण त्याने ते वेगळंच लक्षात ठेवलंय आणि मी दुरुस्त केलं नाही.

कळस झाला तो नव्या इमारतीत. नमुना फ्लॅट दाखवायला एक टाय लावलेला विक्रेता होता. गोड बोलणं, ताकास तूर लागू देत नव्हता. बाल्कनीतली हवा, खालची बाग, सगळं दाखवलं. शेवटच्या खोलीत कपाटामागून मला दमट वास आला. आणि धाकटे, सवय ती सवय! मी खुर्चीतून उठले, चार पावलं टाकली, कपाट सरकवलं आणि भिंतीला तळहात लावला. मागे भांडं पडल्याचा आवाज. विक्रेत्याच्या हातून पाण्याचा पेला सुटला होता. सरदारने तर छताकडेच बघायला सुरुवात केली. विक्रेत्याने पेला उचलला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या फ्लॅटमध्ये आलात आणि चालायला लागलात. हे जाहिरातीत टाकलं तर चालेल?"

भिंत ओली होती. फ्लॅट बाद.

मी घरी येऊन इतकी हसले की खोकला लागला. हसताना मला वाटलं, हे ऐकायला तू पलीकडे असायला हवी होतीस. असो. हे अहवालात बसत नाही.

निष्कर्ष: बाजारपेठेतून खुर्ची जाते, पण लोकांच्या मेहरबानीने. टपऱ्या हलवाव्या लागतात. लोक हलवतातही. दवाखान्याचा उतार फार उभा. शाळेत उतार आहे, पण त्यावर सायकली लावलेल्या असतात. मुख्याध्यापिकेला मी बोलले, ती म्हणाली, "कुणी आलंच नाही आजवर तसं." मी म्हटलं, "उतारावर सायकली लावल्यात तर कसं येणार?"

माझं मत तेच. जमण्यासारखं आहे. फार आशा धरू नये.

ताई

ता.क. शिवणकामवालीला मी सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझे डबे परत द्या."


२६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "तुझे तिन्ही अहवाल समोर ठेवले. 'घाई करावी असा नाही.' 'अपेक्षा बेताची ठेवावी.' 'फार आशा धरू नये.' ताई, आम्ही यायला नको असू तर एका ओळीत सांगायचं होतंस. मी दुसऱ्या जिल्ह्याला पहिली पसंती लिहून टाकली आहे. मार्चअखेरपर्यंत बदलता येते म्हणतात, पण मी कशाला बदलू?"

आता तुझी अट मोडून लिहिते, आणि तुला वाचावं लागेल.

आमच्या कामात एक पथ्य असतं. ओळखीच्या माणसाचं घर आलं की लोक म्हणणार, हिने किंमत फुगवली. म्हणून मी ओळखीच्यांची किंमत हटकून कमी धरते. नात्यातल्याचं असेल तर अजून कमी. हे कुणी शिकवलेलं नाही, माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. माझ्या वरिष्ठांनी एकदा सुनावलं होतं, "बाई, तुमच्या ओळखीच्या माणसाने घर घेतलं की त्याच्या नशिबात तुमची सचोटी येते." मी ती शाबासकी समजून घरी आले होते.

धाकटे, तू यावंस असं मला इतकं वाटत होतं, की लिहिताना हात आपोआप खाली खाली येत गेला. जे "चांगलं आहे" होतं त्याचं "बरं आहे" झालं. वाटलं, आपली इच्छा तिच्या निर्णयात घुसता कामा नये. निर्मळ राहायला गेले आणि तुला दार लावून घेतल्यासारखं दिसलं. हे फक्त मीच करू शकते, बाकी कुणाच्या डोक्यात असा मूर्खपणा येणार नाही.

म्हणून आता सरळ लिहिते. तू ये. तुम्ही दोघी या. मला तुम्ही हव्या आहात. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी रेडिओ लावते तो ऐकण्यासाठी नाही, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. आई गेली, तरी तिच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. तिला ते तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडायला लावून खाली आणलं ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. तुला वाटतं मी तिला तिच्या माणसांतून उपटलं. तूही तुझं मत बदलू नकोस. पण हे भांडण समोरासमोर बसून, एकमेकींना वाढता वाढता भांडायचं आहे. ते असं वर्षानुवर्षं दोन टोकांना बसून भांडायचं नाही.

आणि तुझ्या पत्राच्या खाली, समासात, जांभळ्या शाईत वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे. तू पाहिलीस का माहीत नाही. "मावशी, तुझी खुर्ची ढकलणारा काका होता. तो नसला तर मला तिथे एकटीला कुठे कुठे जाता येईल?"

धाकटे, मी इतकं तपासलं आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तू चिडलेली असलीस तरी मला त्याचं उत्तर देऊ दे. त्यानंतर काय लिहायचं ते लिही.

ताई


१४ मार्च

प्रिय टिटवी,

हे पत्र तुझ्या नावावर आहे. आईला वाचू दे, पण आधी तू वाच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी परत खुर्ची आणली. या वेळी सरदारला घरी पाठवलं. तो म्हणाला, "मॅडम, मी लांबून येतो ना मागे मागे." मी म्हटलं, "लांबूनही नको." तरी तो केळीवाल्याच्या गाडीआड लपून बघत होता हे मला त्याच्या मिशांवरून कळलं.

पहिली गोष्ट, हात फार दुखतात. तू हे रोज करतेस हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण दंडाला माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट, मी कितीही केलं तरी मला उठता येतं, म्हणून माझ्या तपासणीत खोट राहणारच. तेवढी तू धरून चाल.

पोस्टामागच्या त्या बैठ्या घरापासून निघाले. तिथून शाळेपर्यंत तू एकटी जाऊ शकशील. मुख्याध्यापिकेने सायकली हलवल्यात, आणि पोरांनी पुन्हा लावल्या तर तू ओरडायचं. तुझ्या आवाजाची मी खात्री दिलेली आहे. वाचनालयात जाता येतं. दार जड आहे, पण आतली बाई दाराकडे तोंड करून बसते. गोष्टींची पुस्तकं खालच्या फळीवर आहेत आणि कायद्याची वरच्या, त्यामुळे वकील व्हायचं असेल तर शिडी मागावी लागेल. कागद-पेनाच्या दुकानात आत जाता येत नाही, पण दुकानदार बाहेर येऊन सगळ्या रंगांच्या शाया दाखवतो. जांभळी आहे.

जिथे एकटीला जाता येणार नाही तेही सांगते. तुझ्या आईची बदली होईल त्या दवाखान्यात नाही, तो उतार मला चढवला नाही, मी मागे घसरले आणि एका म्हाताऱ्या माणसाने मला धरलं. सिनेमाला नाही. बाजाराच्या दिवशी बाजारात नाही. पुलापलीकडे तर नाहीच. शाळेच्या वाटेवर एका ठिकाणी गटाराचं झाकण खचलंय, तिथे चाक अडकतं. नगरपालिकेच्या अभियंत्याला मी तिथे नेऊन उभं केलं. त्याने मान हलवली. मान हलवली म्हणजे काम झालं असं मी धरत नाही. म्हणून मी रोज कचेरीला जाताना त्याच्या खोलीत डोकावते आणि "झालं का?" एवढंच विचारते. आता तो मला बघितलं की फाईल तोंडापुढे धरतो.

तर हे असं आहे. थोड्या ठिकाणी तू एकटी, बऱ्याच ठिकाणी कुणाला तरी हाक मारावी लागेल. हाक मारली तर माणसं येतात, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते. पण हाक मारायचा तुला कंटाळा येत असेल, तर तो कंटाळाही मला समजतो.

या वेळी मी एक पैसाही कमी धरलेला नाही आणि वाढवलेलाही नाही. कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा.

तुझी मावशी


२३ मार्च

प्रिय धाकटे,

काल मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका गिरणीची किंमत करायला गेले होते. संध्याकाळी परत आले तर शिवणकामवाली दारात वाटच बघत होती.

"अहो, एक बाई आल्या होत्या. तुमच्यासारखंच नाक. बरोबर खुर्चीतली मुलगी. मुलगी पुढे, त्या मागे. पण ढकलत नव्हत्या हं, नुसत्या मागून चालत होत्या. बसस्टँडपासून मुलगीच चाकं फिरवत आली म्हणे. घामाघूम झाली होती, पण तोंडावर काय तो आनंद!"

मी म्हटलं, "मग? मग काय झालं?"

"मग काय? तुमच्या घरापुढे आली आणि थांबली. पायऱ्या ना. बाई म्हणाल्या, उचलून घेते, मी पण म्हटलं, दोघी मिळून घेऊ. मुलगी नको म्हणाली. नुसती बघत बसली पायऱ्यांकडे. मग हसली आणि म्हणाली, 'मावशीने सगळा जिल्हा तपासला, हे तेवढं राहिलं.' मी म्हटलं, माझ्या दुकानात बसा, येतीलच त्या. पण त्यांची बस होती. फोन लावू का म्हटलं तर बाई नको म्हणाल्या."

धाकटे, मी तिथेच पायरीवर बसले.

हे घर तू पाहिलेलं नव्हतंस. तीन वर्षांपूर्वी मी घेतलं ते याच पायऱ्यांसाठी. जोतं उंच, पाणी आत येणार नाही, म्हणून किंमत जास्त. माझ्या कामात उंच जोतं ही जमेची बाजू असते, आणि मी दिसेल त्याला अभिमानाने सांगत आले. गावात भाड्याच्या खुर्चीतून फिरले, लोकांचे उंबरे, उतार, मोऱ्या बघत फिरले, आणि रोज अंधार पडल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, याच पायऱ्यांपाशी खुर्चीतून उठले, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि वर चढले. एकदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. स्वतःच्या घराची किंमत स्वतः करायची नसते, एवढा एक नियम मी मनापासून पाळला.

रात्रभर मला तेच दिसत होतं. पोर इतक्या लांबून, स्वतःच्या हातांनी, एकटीच्या बळावर माझ्या दारापर्यंत आली. आणि तिला बेलपर्यंत पोचता आलं नाही.

सकाळी कचेरीत कळवलं, येत नाही, आणि गवंडी बोलावला. त्याने इकडून तिकडून मापं घेतली, कपाळाला हात लावला. "बाई, जोतं उंच आहे. चढायला सोपा उतार काढायचा तर लांब न्यावा लागेल. पुढची सगळी बाग जाईल. दरवाजाची शोभा जाईल. उद्या विकायला काढलंत तर घराची किंमत उतरेल हो."

"किती उतरेल ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "फोडा."

दुपारपर्यंत पायऱ्या फुटल्या. शिवणकामवालीने गवंड्याला चहा दिला आणि मला रागावली, की गुलाब तरी आधी काढून ठेवायचे होते. सरदार आला आणि काहीही न बोलता विटांचे तुकडे उचलायला लागला. आता उतार घातलाय, सिमेंट ओलं आहे, वर पोती टाकलीत आणि मी स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करते आहे.

मार्चअखेरीला थोडे दिवस उरलेत. पसंती तू कुठलीही लिही. दुसरा जिल्हा लिहिलास तर मी सुट्टीला तिकडे येईन, आणि तिथलेही नळ सोडून बघेन, चिडू नकोस. पण इथून एकदा तुम्ही दोघी परत गेलात, तशा आता जायचं नाही.

वायरमनकडून बेलही खाली घेतली. कुठे बसवायची ते ठरवायला मी खुर्चीत बसले आणि हात सहज जाईल तिथे खूण केली. तो म्हणाला, "एवढी खाली? मोठ्या माणसांना वाकावं लागेल." मी म्हटलं, वाकू देत. तो गेल्यावर पोत्यांच्या कडेकडेने पुढच्या दाराशी गेले आणि वाकून वाजवून बघितली. घरात कुणी नव्हतं, तरी आतपर्यंत स्पष्ट ऐकू येते.

तुझी ताई